शेठ वालचंद आणि खोक्यांतून आलेले विमान

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात इंजिन ही गोष्ट घरोघरी ओळखीची आहे. कोणी क्रँकशाफ्टला धार देतो, कोणी गिअरचे दाते तपासतो, कोणी पत्र्याच्या साच्यांवर काम करतो. या पट्ट्यातल्या जुन्या कामगाराला चिंचवडचा प्रीमियरचा कारखानाही आठवत असेल. तेथे यंत्रे बनवणारी यंत्रे तयार होत आणि काही वर्षे ‘रिओ’ नावाची छोटी मोटारही बनली. या कंपनीची मुळे ज्या गृहस्थापर्यंत पोचतात, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी चिंचवडचा हा विस्तार पाहिला नाही. १९५३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. मोटारीमुळे आणि जहाजांमुळे ते सर्वांना ठाऊक आहेत. पण भारतात विमान बनवण्याचा पहिला कारखानाही त्यांनीच काढला, तो अवघ्या पंधरा महिन्यांत त्यांच्या हातून गेला, आणि त्यातून बाहेर पडलेले पहिले विमान म्हणजे अमेरिकेतून खोक्यांत भरून आलेल्या सुट्या भागांचे एक हलके, दोन आसनी शिकाऊ विमान होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातले गुजराती दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते दख्खनमध्ये येऊन पुरते मराठी मुलखाचे झाले होते. वडील हिराचंद नेमचंद दोशी यांची कापसाची आणि सावकारीची पेढी होती. वालचंदांच्या जन्मानंतर लवकरच आईचे छत्र हरपले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय असा शिक्षणाचा प्रवास झाला, पण पदवी हाती आली नाही. पेढीवर बसून व्याज मोजणे हे या तरुणाला मानवणारे नव्हते. आरंभीचे काही व्यवहार बुडालेही. पुढे लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा टप्प्याचे काम घेतले. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी ती गाडी तेव्हा सोलापूर-धाराशिव भागाची जीवनवाहिनी होती. ‘फाटक आणि वालचंद’ ही जोडी ब्राह्मण कारकून आणि जैन सावकारपुत्र यांची होती. एकाला रेल्वे कशी चालते ते ठाऊक होते, दुसऱ्याकडे भांडवल उभे करण्याची नजर होती. ठाऊक असलेला माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती भांडवल रचायचे, हीच पद्धत वालचंदांनी पुढे आयुष्यभर वापरली. विमानाच्या वेळीही त्यांनी तेच केले.

मुंबईहून पुण्याला रेल्वेने जाणारा प्रवासी बोरघाट चढतो तेव्हा तो वालचंदांच्या कामातूनच जातो. १९२६ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने घाटातल्या बोगद्यांचे काम केले, आणि त्या कामाने या कंपनीचे नाव झाले. त्याआधी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची स्थापना झाली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास हे भागीदार होते. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. राष्ट्रीय नौवहन दिन आजही त्याच तारखेला साजरा होतो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी या नव्या भिडूला दर पाडून, करार अडवून जेरीस आणले. वालचंद त्यातून तगले, पण एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की रुतली. ज्या वाहनावर आपण बसतो ते बनवणे परक्याच्या हाती असेल, तर बसण्याचे भाडेही तोच ठरवणार. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र आल्या त्या येथून.

१९२० आणि १९३० च्या दशकांतील त्यांचे इतर उद्योग, नाशिक जिल्ह्यातले रावळगाव, इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर, ऊस आणि साखर, हे सर्व या लेखाच्या वाटेवरचे नाही. एवढेच सांगायला हवे की साखर कारखान्याला लागणारी अवजड यंत्रे कुठून आणायची, या प्रश्नाने त्यांना यंत्रनिर्मितीकडे ढकलले. शेतीची अवजारे आणि डिझेल इंजिने बनवणारी साताऱ्याची कूपर इंजिनिअरिंग १९४० मध्ये वालचंद समूहात आली ती याच ओढीतून. सर धनजीशा कूपर यांचा तो कारखाना. विहिरीवर बसवायचे इंजिन तेव्हा देशी हातांनी बनत होते. पण जमिनीवर बसवायच्या इंजिनाला वजनाची पर्वा नसते; ते जितके जड, तितके स्थिर. विमानाच्या इंजिनाला प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. हा फरक वालचंदांना ठाऊक नसावा असे मानण्याचे कारण नाही, पण तो त्यांनी मनावर घेतल्याचेही दिसत नाही. नव्या कामात उडी घ्यायची आणि अडचणी पुढे पाहायच्या, हा त्यांचा स्वभाव होता. तोच त्यांचा गुण आणि तोच त्यांचा दोष.

१९३९ साली ते अमेरिकेत होते. मोटारींचा कारखाना काढण्यासाठी फोर्ड आणि क्रायस्लर यांच्याशी बोलणी चालू होती. मोटारीची ही कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आधीच तपशीलवार मांडली होती आणि वालचंद तिच्यामागे उभे राहिले होते. तोवर युरोपात महायुद्धाला तोंड फुटले. अटलांटिकवरून परतणे धोक्याचे, म्हणून वालचंदांनी पॅसिफिकचा मार्ग धरला. पॅन अमेरिकन कंपनीचे ‘क्लिपर’ हे पाण्यावर उतरणारे मोठे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला अशा टप्प्यांनी हाँगकाँगकडे जाई. प्रवास कित्येक दिवसांचा. रात्री बेटांवर मुक्काम. अशा प्रवासात सहप्रवाशांची ओळख होणे अपरिहार्य असते. त्या सहप्रवाशांत विल्यम पॉली नावाचा अमेरिकी गृहस्थ होता.

पॉली हा विमानांचा व्यापारी. चीनच्या युन्नान प्रांतात, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून लोयविंग येथे त्याचा विमान जोडणीचा कारखाना होता. अमेरिकेतून कर्टिस विमानांचे सुटे भाग यायचे आणि तेथे चिनी कामगार ते जोडून चिनी सैन्याला विमाने द्यायचे. युद्धाने ग्रासलेल्या, रस्ते नसलेल्या, डोंगरांनी वेढलेल्या चीनमध्ये जर विमान जोडता येत असेल, तर भारतात ते का जमू नये, हा प्रश्न वालचंदांना त्या प्रवासातच पडला. वेळ न दवडता त्यांनी भारत सरकारशी तारांनी संपर्क साधला. योजना अशी: पॉलीचे ज्ञान आणि त्याचे अमेरिकी लागेबांधे, वालचंद आणि त्यांच्या मित्रांचे भांडवल, आणि गिऱ्हाईक म्हणून भारत सरकार.

सरकारने आधी दाद दिली नाही. ब्रिटिशांच्या दृष्टीने भारत हा कच्चा माल आणि सैनिक पुरवणारा देश होता. विमान बनवणे हा मायदेशाचा मामला. लंडनमधील विमान उत्पादन मंत्रालयाचा आक्षेप आणखी ठोस होता. अमेरिकेतून मिळणारे भाग आणि यंत्रे भारताकडे वळली, तर ब्रिटनचा वाटा कमी होईल. या आक्षेपात वसाहतवादी ताठा होता हे खरे, पण निखळ गणितही होते, हे आज मान्य करायला हरकत नाही. मग १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. भूमध्य समुद्राची वाट बिकट झाली. पूर्वेकडे जपान हातपाय पसरू लागला. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की आपल्याकडे विमान दुरुस्त करण्याचीही धड सोय नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारचा कल बदलला आणि अखेर होकार आला.

कारखाना कुठे काढायचा, हा प्रश्न उरला. ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात परवानग्यांचे जंजाळ होते, म्हणून वालचंदांनी संस्थानांकडे मोर्चा वळवला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जो उत्साह दाखवला त्याला तोड नव्हती. बंगळूरच्या वेशीवर सातशे एकर जमीन देऊ केली, भांडवलातही वाटा उचलला. शिवसमुद्रमची वीज, भद्रावतीचे लोखंड, भारतीय विज्ञान संस्थेतली प्रयोगशाळा, कोरडी थंड हवा. बंगळूरचे पारडे जड होते. आज पुण्याच्या भोवती इंजिनांचे जे जाळे दिसते त्यातले १९४० साली जवळजवळ काहीच नव्हते. तेव्हाचे पिंपरी हे रेल्वेचे छोटे ठाणे होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना तेथे आला तो त्यानंतर चौदा वर्षांनी. त्यामुळे विमानाचा कारखाना महाराष्ट्रात का नाही, ही हळहळ पुढच्या काळातली. त्या वर्षी तिला आधार नव्हता.

२३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपये. म्हैसूर सरकारने पंचवीस लाख घातले, वालचंद, तुलसीदास किलाचंद आणि खटाव मंडळींच्या वतीने तेवढेच आले. काही महिन्यांत भारत सरकारही पंचवीस लाख घालून तिसरे भागीदार झाले. कारभार वालचंद-तुलसीदास-खटाव या व्यवस्थापक पेढीकडे आणि तांत्रिक बाजू पॉलीच्या अमेरिकी मंडळींकडे. मधल्या काळात ऑक्टोबर १९४० मध्ये जपान्यांनी लोयविंगवर बॉम्ब टाकले होते. तिथला अनुभव आणि काही माणसे बंगळूरकडे सरकली. चीनचे नुकसान हा भारताचा लाभ ठरला.

सरकारने तीन प्रकारच्या विमानांची मागणी नोंदवली होती: शिकाऊ वैमानिकांसाठी हार्लो, लढाऊ म्हणून कर्टिस हॉक, आणि हल्ला करणारे बॉम्बफेकी व्हल्टी. यांपैकी हार्लोची कथा सर्वांत गमतीची आहे आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचीही.

कॅलिफोर्नियातल्या पासाडेना येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात मॅक्स हार्लो नावाचे अभियंता शिकवत. विद्यार्थ्यांना विमानरचना शिकवायची तर विमानच बनवून घेऊ, असे त्यांनी ठरवले. वर्गातला तो प्रकल्प पुढे बाजारात आला आणि हार्लो ही छोटी कंपनी जन्माला आली. तिचेच पीसी-५ हे लष्करी शिक्षणासाठी बेतलेले रूप बंगळूरसाठी निवडले गेले. पुढे-मागे दोन आसने, खालच्या बाजूला पंख, संपूर्ण धातूचे अंग. इंजिन वॉर्नर कंपनीचे ‘सुपर स्कॅरब’. सात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार मांडलेले, हवेने थंड होणारे, १४५ अश्वशक्तीचे आणि वजनाने जेमतेम १४० किलोंच्या घरातले. कूपरच्या कारखान्यातल्या डिझेल इंजिनाशी ताडून पाहिले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. असे इंजिन बनवणे त्या वेळी भारतात कोणालाच शक्य नव्हते आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टनेही तसा दावा केला नाही. इंजिन अमेरिकेतून तयारच येणार, सांगाड्याचे भागही तेथूनच येणार, बंगळूरने ते जोडायचे.

जोडणे हा शब्द ऐकायला हलका वाटतो. वालचंदांच्या टीकाकारांनी पुढे तोच धरून ठेवला: हे कसले विमान बनवणे, हे तर खोके उघडून खिळे ठोकणे. पण धातूच्या विमानाचा सांगाडा एकदा स्वतःच्या हातांनी जोडलेल्या माणसाला ही टीका पटणार नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा हाच विमानाचा भार पेलतो. तो रिव्हेटींनी सांगाड्याशी बांधायचा, आणि अशा हजारो रिव्हेटींपैकी प्रत्येक सरळ, घट्ट आणि पत्र्याला पोचा न पाडता बसली पाहिजे. काही मिश्रधातूंच्या रिव्हेटी भट्टीत तापवून एकदम थंड कराव्या लागतात. त्यानंतर त्या थोडा वेळच मऊ राहतात. उशीर झाला की कडक होतात आणि ठोकताना तडकतात. पंख डावा-उजवा अचूक सारखा यावा म्हणून लोखंडी चौकटीचे साचे उभारावे लागतात आणि साचाच वाकडा असेल तर प्रत्येक विमान वाकडे होते. नियंत्रणाच्या तारांचा ताण, इंधनाच्या नळ्यांचे जोड, वजनाचा तोल. यातले काहीही अंदाजे चालत नाही. सुतार, लोहार, फिटर, रेल्वे कार्यशाळेतले मिस्त्री, बैलगाडीच्या चाकापासून सुरुवात केलेली माणसे या शिस्तीत बसवायची होती. हे काम अमेरिकी फोरमन आणि कन्नड, तमिळ, मराठी बोलणारे कामगार यांनी मिळून केले.

नोंदणीनंतर आठ महिन्यांच्या आत, ऑगस्ट १९४१ मध्ये, बंगळूरच्या आकाशात पहिले हार्लो उडाले. माळरानावर विमानशाळा उभारण्यापासून सुरुवात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा वेग थक्क करणारा ठरतो.

याच काळात एका तरुण मराठी शास्त्रज्ञाने या कारखान्यात पाऊल ठेवले होते. विष्णू माधव घाटगे. गडहिंग्लज परिसरातल्या हसूरचंपू या गावी १९०८ साली जन्मलेले घाटगे जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्यापाशी वायुगतिशास्त्र शिकून आले होते. पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागालगत कशी वागते, हे जगाला समजावून सांगणारा माणूस म्हणजे प्रांट्ल. अशा गुरूचा शिष्य देशात परतल्यावर करणार काय? शिकवणे एवढेच. वालचंदांच्या कारखान्यामुळे घाटग्यांना विमानाच्या रचनेत हात घालण्याची जागा मिळाली, आणि त्यांनी तेथे सैन्यवाहू ग्लायडरचा आराखडाही केला. वालचंदांना वायुगतिशास्त्र येत नव्हते आणि घाटग्यांना भांडवल उभे करता आले नसते. बार्शी लाइट रेल्वेच्या वेळची जुनी जोडणी येथे नव्या रूपात दिसते.

मग डिसेंबर १९४१ आला. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपान युद्धात उतरला. सिंगापूर पडले, रंगून पडले, बंगालच्या उपसागरावर जपानी आरमाराची छाया पडली. दक्षिण भारत आता आघाडीच्या टप्प्यात आला. अमेरिकेतून येणारे भाग समुद्रात अडकू लागले. ज्या कारखान्याचा पाया खोक्यांवर होता, त्याची खोकीच थांबली तर पुढे काय? वालचंदांच्या योजनेतला मूळ कच्चा दुवा येथे उघडा पडला. सुटे भाग देशातच बनवण्याचा टप्पा कागदावर होता, पण त्याला लागणारा वेळ युद्धाने दिला नाही.

सरकारला आता संपूर्ण ताबा हवा होता. २ एप्रिल १९४२ रोजी कारखाना सरकारच्या मालकीचा झाल्याचे जाहीर झाले. वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग पैसे देऊन घेतले गेले. म्हैसूर सरकारने आपला वाटा ठेवला, पण युद्ध संपेपर्यंत कारभारात बोलण्याचा हक्क सोडला. वालचंदांच्या हातून कारखाना गेल्यानंतर चारच दिवसांनी, ६ एप्रिलला, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. तेथेच वालचंदांचा जहाजबांधणी कारखाना उभा राहत होता. त्याची पायाभरणी जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली होती. एका आठवड्यात एका उद्योगपतीने एक कारखाना सरकारला दिला आणि दुसऱ्याच्या शेजारी बॉम्ब पडताना पाहिले.

हा निर्णय अन्यायाचा होता काय? राष्ट्रवादी वृत्तपत्रांना तसा तो वाटला आणि पुढेही वालचंदांच्या चाहत्यांनी तसे लिहिले. भारतीय उद्योजक उभा राहू नये, हा सरकारचा अंतस्थ हेतू होता असे मानणाऱ्यांकडे पुरावा म्हणून जहाजांचा आणि मोटारींचा सारा इतिहास होता. पण युद्धकाळात, शत्रू दाराशी असताना, एकमेव विमान कारखाना खासगी पेढीच्या हाती ठेवणे कोणत्याही सरकारला जड गेले असते. वालचंदांना पैसे मिळाले, त्यांचे दिवाळे निघाले नाही. त्यांचे जे गेले ते निराळे. जुलै १९४२ मध्ये कारखान्यातून पहिले कर्टिस हॉक उडाले, तेव्हा मालक दुसरा होता.

खरे दुःख असेल तर ते पुढे जे घडले त्याचे. सरकारी ताब्यात आल्यावर विमाने बनवण्याचा कार्यक्रमच गुंडाळला गेला. हॉक मोजकीच झाली, व्हल्टीचे काम बारगळले. कारखाना मित्रराष्ट्रांच्या, विशेषतः अमेरिकी हवाई दलाच्या, दुरुस्तीचे केंद्र बनला. बेलंदूर तलावात कॅटलिना जातीची समुद्री विमाने उतरायची आणि कारखान्यात ओढून आणली जायची. युद्धाला ते उपयोगी होते यात शंका नाही. विमान बनवण्याची कला मात्र तेवढी वर्षे खोळंबली. तरीही हजारो कामगारांना इंजिने सोडवण्याची आणि पुन्हा बसवण्याची सवय झाली. देशाच्या दृष्टीने हाच हार्लोच्या खोक्यांमधून आलेला सर्वांत टिकाऊ माल म्हणायचा.

युद्ध संपल्यावर त्या विमान कारखान्याने रेल्वेचे डबे आणि बसगाड्यांची अंगे बनवून दिवस काढले, हेही सांगून टाकले पाहिजे. मग पुन्हा परदेशी भाग जोडून पर्सिव्हल प्रेन्टिस जातीची शिकाऊ विमाने झाली. आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः आखलेले एचटी-२ उडाले. दोन आसनी, धातूचे, खालच्या पंखांचे, १५५ अश्वशक्तीच्या सिरस मेजर इंजिनाचे शिकाऊ विमान. हार्लोशी त्याचे कुळ-नाते कागदावर नाही. पण ताडून पाहणाऱ्याला काम तेच, आकार जवळचा आणि हातही बहुधा तेच दिसतात. भारतीय हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर उडायला शिकल्या. घाना या आफ्रिकी देशानेही ती विकत घेतली. त्यानंतर १९५८ साली आले पुष्पक. नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापडाचे आवरण, वरच्या बाजूला पंख, ९० अश्वशक्तीचे इंजिन. फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेले ते साधे, हलके विमान पुढची कित्येक वर्षे देशभरच्या धावपट्ट्यांवर दिसे. पुष्पकात बसवलेले इंजिन अमेरिकी कॉन्टिनेन्टलचे होते. त्याच्या जोडीला बंगळूरने स्वतःचे ९० अश्वशक्तीचे छोटे पिस्टन इंजिनही तयार केले, परंतु त्याला बाजार मिळाला नाही. हलके विमान भारताने पेलले. हलके इंजिन बाहेरूनच येत राहिले. १९४१ साली जो दुवा कच्चा होता तो पुढेही बराच काळ कच्चाच राहिला, आणि याचे खापर वालचंदांच्या माथी फोडण्यात अर्थ नाही.

विमान गेले तरी वालचंद आकाशाकडे पाठ फिरवून बसले नाहीत. सिंदिया कंपनीने एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही प्रवासी विमान कंपनी विकत घेतली. मोटारीचा हट्टही त्यांनी सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. तीही प्रथम क्रायस्लरच्या सुट्या भागांची जोडणीच होती. फरक एवढाच की मोटारीच्या बाबतीत त्यांना आणि त्यांच्या वारसांना पुरेसा काळ मिळाला. भाग एकेक करून देशात बनू लागले, फियाट आली, पुढे तिची पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन दोन पिढ्या धावली. विमानाला तेवढी वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, याची कल्पना करायची तर पद्मिनीकडे पाहावे. ती उत्तम गाडी होती असे कोणी म्हणणार नाही. पण ती येथली होती, तिचा मेकॅनिक प्रत्येक गल्लीत होता, आणि तिचे सुटे भाग करणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांतून पुण्या-मुंबईचे कितीतरी उद्योजक उभे राहिले.

विशाखापट्टणमच्या गोदीतून ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले गेले. तोवर वालचंदांची प्रकृती ढासळू लागली होती. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. १९५२ मध्ये ती गोदी सरकारने घेतली. दहा वर्षांपूर्वीच्या सरकारशी त्यांचे पटले नव्हते, कारण ते परके होते; आताचे सरकार आपले होते आणि शेवट तोच झाला. एचटी-२ उडाले त्या वर्षी ते आजारी होते. त्या उड्डाणाच्या बातम्यांत त्यांचे नाव शोधूनही फारसे सापडले नसते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियाही इतर खासगी कंपन्यांसमवेत सरकारजमा झाली.

बंगळूरचा कारखाना १९६४ मध्ये इतर सरकारी विमान कंपनीशी एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाला. पिंपरीत एच. ए. म्हटले की हिंदुस्थान अँटिबायोटिक्स समजतात आणि बंगळूरला एचएएल म्हटले की विमाने. नावांच्या या गोंधळात संस्थापकाचे नाव दोन्हीकडे कोणाला सुचत नाही. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलचाच विमान कारखाना आहे आणि त्यात पिढ्यान् पिढ्या मराठी कामगार लढाऊ विमाने जोडत आले आहेत. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय दरवर्षी अभियंते बाहेर काढते आणि त्यांतले कितीतरी चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांच्या पाळ्यांत सामील होतात. साखरेची यंत्रे बनवायला निघालेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी घन इंधन मोटारींची पोलादी कवचे तयार झाली. उसाच्या शेतांमधून, इंदापूरच्या रस्त्याने, ती कवचे मोठ्या ट्रेलरवर लादून निघत.